चार आडनावांची एक पाटी

रविवारी सकाळी पाटीवाल्यांचा चहाचा कप ओठांपाशी पोचला आणि तिथेच थांबला. समोर बसलेल्या त्यांच्या मुलीनं, चिंगीनं, टोस्टला लोणी लावता लावता जाहीर केलं होतं, की ती आता दोन आडनावं लावणार आहे.

"दोन म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"दोन म्हणजे दोन, बाबा. एक आपलं, एक ह्याच्याकडचं. मधे आडवी रेघ."

पाटीवाल्यांनी कप खाली ठेवला. "तुमचं तुम्ही ठरवा, मला काय त्याचं," असं ते इतक्या कोऱ्या चेहऱ्यानं म्हणाले, की टेबलाभोवतीच्या तिघांपैकी कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही.

पाटीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे, ते गल्लीनं दिलेलं नाव. लोकांच्या दारावर लागणाऱ्या नावाच्या पाट्या ते हातानं लाकडात कोरत, आणि कुठल्या दारामागे कोण राहतं हे आजूबाजूच्या रस्त्यांवर त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. गंमत अशी, की ज्यानं सगळ्यांची आडनावं कोरली त्याला स्वतःच्या आडनावानं कुणी हाक मारत नसे. ते आडनाव अगदी आटोपशीर, तीन अक्षरांचं, आणि दोनच ठिकाणी लावलेलं: घराच्या दारावर आणि दुकानावर. दुकानावर त्याच्यापुढे "आणि कन्या" असंही होतं. चिंगी लहानपणी शाळेतून थेट दुकानात यायची, काचकागद घेऊन फळ्या घासत बसायची, तेव्हा एका दुपारी त्यांनी हौसेनं ते दोन शब्द कोरून टाकले होते. पुढे चिंगी डोळे तपासायला शिकली आणि चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. ते दोन शब्द मात्र तिथेच राहिले.

मग चिंगीचं लग्न झालं. लग्नात जो भेटेल त्याला पाटीवाले हसत सांगत होते, "आता काय, ती तिकडची. तिकडचंच नाव लावेल, बरोबरच आहे ते." आणि रोज दुकान उघडताना मान वर करून पाटीकडे बघत होते. "आणि कन्या" खरवडून काढायचं झालं तर पटाशी कुठून चालवायची, आधी "आणि" काढायचं की आधी "कन्या"? हे कुणापाशी बोलायची सोय नव्हती. बोलले असते तर जुनाट ठरले असते, म्हणून मूग गिळून बसले होते. आज दोन आडनावं म्हटल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. अर्धी का होईना, पोरगी आपल्या नावात राहिली.

"मग पाटी करायला घेतो," ते म्हणाले.

"अजून नको," चिंगी घाईघाईनं म्हणाली. "आधी कुठलं, मागे कुठलं, काहीच ठरलेलं नाही. सध्या दारावर नंबर आहे, तेवढा पुरे."

जावईबापू जनावरांचे डॉक्टर. दुखऱ्या मुक्या प्राण्यांशी बोलून बोलून ते माणसांशीही हळू आवाजात, पाठीवरून हात फिरवल्यासारखं बोलत. तेही म्हणाले, "खरंच काही घाई नाही, बाबा."

"बरं," पाटीवाले म्हणाले. त्यांच्या "बरं"चा अर्थ "मुळीच नाही" असा असतो, हे त्यांच्या बायकोला चांगलं माहीत होतं. तिला सगळी गल्ली काकू म्हणे. काकूंनी टोस्टची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

नुसता नंबर असलेलं दार पाटीवाल्यांना बघवत नसे. नंबर हॉटेलच्या खोलीला असतो, घराला नाव असतं, असं त्यांचं ठाम मत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी राखून ठेवलेली सागाची फळी बाहेर काढली, तिच्यावरून रंधा फिरवला, पेन्सिल कानावर ठेवली आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. आधी कुणाचं? कागदावर खोडता येतं, लाकडात खोडता येत नाही. आपलं आधी कोरावं तर तिकडच्या मंडळींना वाटायचं, पाटी ह्याच्या हातात म्हणून ह्यानं आपलं घोडं पुढे दामटलं. त्यांचं आधी कोरावं तर हात उचलेना.

दुपारपर्यंत ते त्या फळीभोवती फिरत राहिले. मग त्यांना एक युक्ती सुचली आणि ती इतकी आवडली की त्यांनी स्वतःसाठी बाहेरून चहा मागवला. पाटी एकसंध करायचीच नाही. प्रत्येक आडनावाचा तुकडा वेगळा कोरायचा, भिंतीवर पितळेची खाच असलेली लांब पट्टी ठोकायची आणि तुकडे तिच्यात सरकवायचे. आज हे पुढे, उद्या ते पुढे, पाहिजे तर रोज बदला. रुसव्याफुगव्याला जागाच नाही.

दोन्ही तुकडे तयार होऊन त्यांच्यावर पॉलिश चढत होतं, तेव्हा दुकानात विहीणबाई आल्या. त्या तलावावर मुलांना पोहायला शिकवीत. गळ्यात शिटी कायम, आणि पाण्याच्या पलीकडच्या काठापर्यंत आवाज पोचवायची सवय. त्यामुळे चार पावलांच्या त्या दुकानात त्या पाटीवाल्यांशी अशा बोलत, जणू ते खोल पाण्यात गटांगळ्या खातायत.

त्याही पाटीच सांगायला आल्या होत्या. मुलांना सांगायचं नाही, नव्या घराला आपली भेट, असं त्यांचं ठरलं होतं. आपल्या आधी दुसऱ्यानं तेच ठरवलेलं बघून त्यांना आनंद झाला, आणि त्यांनी लगेच बजावलं की सुनेचं आडनाव आधी आलं पाहिजे.

पाटीवाल्यांना मनातून उकळ्या फुटल्या. पण इतक्या वर्षांची सवय अशी मोडत नाही. "छे, छे," त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुमचं आधी."

विहीणबाई म्हणाल्या, असं कसं, मुलगी तुमची, पाटी तुम्ही केलेली. पाटीवाले म्हणाले, म्हणून तर. विहीणबाई म्हणाल्या, आमच्याकडे मानापानाचं खूळ नाही. पाटीवाले म्हणाले, आमच्याकडेही नाही, म्हणून तर तुमचं आधी. दोघंही चढाओढीनं मागे सरत होते आणि दोघांचाही आवाज चढत होता. बक्षिसाची ढाल न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाला हे कडाक्याचं भांडण वाटलं आणि तो नंतर येतो म्हणून निघून गेला. शेवटी विहीणबाईंचा हात शिटीकडे गेला, तेव्हा पाटीवाल्यांनी घाईनं पितळी पट्टी दाखवून तुकडे पुढेमागे कसे सरकतात ते समजावलं.

विहीणबाईंनी तुकडे सरकवून बघितले. मग त्या थांबल्या. "हे तुमचं, हे आमच्या ह्यांचं. आणि माझं?"

"तुमचं म्हणजे?"

तेव्हा कुठे उलगडा झाला. जावईबापूंना जन्मापासूनच दोन आडनावं होती, आईचं आणि बापाचं. दवाखान्याच्या दारावर जागा कमी म्हणून ते एकच लावत, शेवटचं, सात अक्षरांचं. लग्न झालं तेव्हा विहीणबाईंनी स्वतःचं आडनाव सोडलंच नव्हतं.

"ह्यांनी कधी आग्रह केला नाही," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज दुकानात मावेल एवढा झाला. "मग ते गेले. घरात त्यांच्या नावाला ओ देणारं कुणीतरी पाहिजे असं वाटलं, म्हणून मी त्यांचं आडनाव लावायला लागले. ते असताना लावलं असतं तर किती खूश झाले असते. आता दोन्ही माझी आहेत. एक काढून दुसरं कसं ठेवू?"

पाटीवाल्यांनी डोळे मिचकावले, पॉलिशच्या वासाला नावं ठेवली आणि तिसरा तुकडा कापायला घेतला.

संध्याकाळी ते पितळी पट्टी घरी घेऊन गेले, कारण आता ती वाढवावी लागणार होती. जेवणाच्या टेबलावर पट्टी मावेना. तिचं एक टोक पाण्याच्या तांब्याला लागलं आणि दुसरं काकूंच्या ताटाच्या पलीकडे गेलं. काकू टपाल कचेरीत कामाला. दिवसभर लोकांची आडनावं त्यांच्या हाताखालून जात, त्यामुळे त्यांना आडनावांचं काडीचं कौतुक नव्हतं. आडनाव म्हणजे पाकीट घरी पोचण्यापुरतं, असं त्या नेहमी म्हणत. म्हणून पाटीवाल्यांनी त्यांना सगळी हकिगत बिनधास्त सांगितली. जावयाच्या बाजूची दोन, मुलीच्या बाजूचं एक.

काकूंनी जेवता जेवता सगळं ऐकून घेतलं. "आणि माझं?" त्यांनी विचारलं.

"तुझं काय?"

"त्याच्या आईचं आहे. मग तिच्या आईचं नको?"

पाटीवाल्यांनी हातातला घास ताटात ठेवला. काकू रागावल्या नव्हत्या. उलट त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, आणि नवऱ्याला रागापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

"आपली पाटी करत होतात, तेव्हाही मी विचारलं होतं," काकू म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, फळीत जागा नाही. बरोबरच असेल, मापाच्या बाबतीत तुमचा हात कोण धरणार. आता चांगली लांब पट्टी आहे, म्हणून म्हटलं."

आणि त्या ताट उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पाटीवाल्यांनी चौथा तुकडा घेतला आणि पटाशी टेकवली, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की हे आडनाव आपण उभ्या जन्मात कधी कोरलेलं नाही. शेकडो लोकांची कोरली. चोरांची कोरली, वकिलांची कोरली, घर सोडून पळून गेलेल्यांचीही कोरली. ज्या बाईच्या हातचा चहा घेऊन ते रोज दुकान उघडत, तिचं मात्र कधी नाही. त्यांनी त्या तुकड्यावर दोन पाट्यांचा वेळ घालवला, आणि चारांत तोच सगळ्यात देखणा उतरला.

फक्त एक झालं. चार तुकडे सरकवल्यावर पट्टी चिंगीच्या दारापेक्षा लांब झाली. थोडीथोडकी नाही, चांगली दीड दारं.

मुलं कामावर गेलेली असताना पाटी लावून टाकायची असा पाटीवाल्यांचा आणि विहीणबाईंचा बेत होता. काकूंकडून किल्ली घेऊन दोघं शिडी, ड्रिल आणि लिफ्टमधे न मावणारं ते लांबलचक धूड सांभाळत जिने चढले. वर दोन दारं शेजारीशेजारी, मधे जेमतेम वीतभर भिंत. चिंगीच्या दाराच्या एका अंगाला लिफ्ट, म्हणून तिकडे काही सरकता येईना. राहिली दारांच्या वरची भिंत. पाटी तिथे धरून बघितली, तर तीन आडनावं मुलांच्या दारावर बसली आणि चौथं सरळ शेजाऱ्यांच्या दारावर गेलं.

पहिलं भोक पाडताच शेजारचं दार उघडलं. तिथे आगगाडी चालवणारे एक गृहस्थ राहत. त्यांना बिचाऱ्यांना रात्रपाळी, दिवसा झोप. पांघरूण खांद्यावर घेऊन, डोळे अर्धे मिटलेले ठेवूनच त्यांनी आवाज कसला म्हणून चौकशी केली. पाटीवाल्यांनी पोरीच्या लग्नाची गोष्ट सांगितली. गृहस्थ मनाचे मोठे. म्हणाले, होऊन जाऊ द्या तुमचं काम, मी कानात कापूस घालतो. आणि परत आत गेले.

पट्टी लागली. आता शेजाऱ्यांकडे कुणाचं आडनाव पाठवायचं, ह्यावरून पुन्हा मागे सरण्याची चढाओढ सुरू झाली. पाटीवाले म्हणाले, माझं जाऊ द्या तिकडे. विहीणबाई म्हणाल्या, माझं जाऊ द्या. हे उलटं भांडण बराच वेळ चाललं. शेवटी विहीणबाईंनी शिडीवर चढून स्वतःच चार तुकडे सरकवून टाकले आणि आपल्या यजमानांचं सात अक्षरी आडनाव आगगाडीवाल्यांच्या दारावर नेऊन ठेवलं. त्यांना शेजाऱ्यांकडे जाऊन बसायची फार आवड होती, असं वर सांगितलं. सात अक्षरांच्या वजनानं ते टोक झुकायला लागलं, तेव्हा जास्त लांबीचे स्क्रू आणायला दोघंही खाली गेले.

नेमकी तेव्हाच फ्रीज घेऊन दोन माणसं वर आली.

फ्रीज जावईबापूंनी घेतलेला, आणि घेतलेला त्यांच्या नेहमीच्या आडनावावर, म्हणजे त्या सात अक्षरांवर. त्या माणसांनी जिन्यातून मान वर केली, एका दारावर ठसठशीत तेच आडनाव लटकलेलं बघितलं आणि त्या दाराची बेल वाजवली. बराच वेळ वाजवली. कानातल्या कापसातून ती पोचली एकदाची. आगगाडीवाल्यांनी दार उघडलं, दोन माणसं आणि काहीतरी अवजड बघितलं, ते अजून पाटीचंच काम चाललंय असं समजून "करा, करा" म्हणाले आणि जाऊन आडवे झाले.

त्यांच्या दारामागे कपड्यांचं कपाट होतं, त्यामुळे दार पूर्ण उघडत नसे. फ्रीज अर्धा आत गेला आणि अडकला. पुढे जाईना, मागे येईना. आणणाऱ्यांपैकी एक आत राहिला, एक बाहेर.

स्क्रू घेऊन आलेल्या पाटीवाल्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. विहीणबाईंना मात्र चेव चढला. ढकलणाऱ्यांना ताल नाही हा त्यांचा पहिला आक्षेप. त्यांनी पाटीवाल्यांना आणि बाहेरच्या माणसाला रांगेत उभं केलं आणि खच्चून शिटी वाजवली.

आता, ज्या माणसाचा सगळा जन्म शिटीवर गेला त्याला कापूस काय करणार. आतून धाडदिशी पलंगावरून उठल्याचा आवाज आला, धावत आलेल्या पावलांचा आला, आणि फ्रीज आणि चौकट यांच्या फटीत आगगाडीवाल्यांचा एक डोळा दिसला.

"कुठलं स्टेशन आलं?" त्यांनी विचारलं.

परिस्थिती समजल्यावर त्यांनी अत्यंत सभ्यपणे सांगितलं की हे जे काही आहे ते संध्याकाळच्या आत काढता आलं तर बरं होईल, कारण त्यांच्यावाचून गाडी सुटत नाही. आणि अजून एक शंका होती. "आत हा माणूस म्हणतो, दारावर दुसऱ्याच कुणाचं तरी आडनाव आहे. मग मी राहतो कुणाकडे?"

ह्याचं उत्तर कुणी देण्याआधी लिफ्टचं दार उघडलं आणि फ्रीज येणार म्हणून लवकर सुटलेले चिंगी आणि जावईबापू बाहेर आले.

समोर शिडी. शिडीशी बाप, केसांत भिंतीचा भुगा. सासूबाई शिटी तोंडात धरून. शेजाऱ्यांच्या दारात फ्रीज, फटीत डोळा. आणि ह्या सगळ्याच्या वर, ह्या दारापासून त्या दारापर्यंत गेलेली पाटी.

जावईबापूंनी काही विचारलं नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली, बाह्या वर केल्या आणि सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. अडलेल्या गाईंची वासरं सोडवणाऱ्या माणसाला अडकलेला फ्रीज नवा नव्हता. त्यांनी फ्रीजच्या पाठीवर हात ठेवला. "ढकलायचं नाही," ते हळूच म्हणाले, "थोडं खाली, थोडं फिरवून. हां. असं. घाबरायचं नाही." हे ते माणसांना सांगत होते की फ्रीजला, कळायला मार्ग नव्हता. पण फ्रीजनं ऐकलं आणि बाहेर आला.

चिंगी तोवर मान वर करून एकेक आडनाव वाचत होती. वाचता वाचता तिला हसू यायला लागलं. हसत हसत ती जिन्याच्या पायरीवर बसली, आणि डोळे पुसायला लागली तेव्हा पाटीवाल्यांना समजेना की ही नक्की हसते आहे की काय.

"उतरवतो मी," ते घाईनं म्हणाले. "किंवा ह्यांचं तेवढं पुढे घेतो. तुला आमचं नको असेल तर तेही काढ. तुकडे सुटे आहेत, काही बिघडत नाही."

"बाबा, बस इथं."

ते तिच्याशेजारी पायरीवर बसले.

"मी दोन लावणार म्हणाले ना, ते तुझ्यासाठी म्हणाले होते," चिंगी म्हणाली. "मला माझं आहे तेच पाहिजे होतं. सबंध. ह्यालाही ह्याची आहेत तीच. पण लग्नात तू सगळ्यांना सांगत फिरत होतास, ती तिकडची, ती तिकडचं नाव लावणार. मला वाटलं, मी काहीच बदललं नाही तर तुला चारचौघांत खाली बघावं लागेल. म्हणून म्हटलं, निदान एक जोडते, तुझा शब्द राहील. आज सकाळी आम्ही दोघांनी ठरवलं, की काही जोडायचं नाही आणि काही काढायचं नाही. तुला कसं सांगायचं तेच लिफ्टमधे बोलत होतो."

"मी ते तुमच्याकरता म्हणत होतो," पाटीवाले म्हणाले. "तुमच्या घरी बरं दिसावं म्हणून. मला तर रोज..."

"काय रोज?"

"दुकानाची पाटी बघवत नव्हती."

चिंगीनं त्यांच्या केसांतला भुगा झटकला. लहानपणी फळ्या झटकायची तसाच. "'आणि कन्या'ला हात लावलास तर याद राख," ती म्हणाली. विहीणबाईंनी पाठ फिरवून भिंतीकडे तोंड केलं आणि शिटीची दोरी डोळ्यांना लावली, जी त्या कामाला मुळीच उपयोगी नव्हती.

मग पाटीची वाटणी झाली. दारावरच एका बाजूला खालीवर जावईबापूंची दोन आडनावं, दुसऱ्या बाजूला चिंगीचं एक, ज्याचं त्याच्यापाशी, मधे रेघ नाही. पुढेमागेचा प्रश्नच उरला नाही. पुढे मूल झालं तर काय, असं पाटीवाल्यांनी विचारलं, तेव्हा जावईबापू म्हणाले, आलं की त्यालाच विचारू. आगगाडीवाले निघता निघता म्हणाले की त्यांच्या दाराला कधीच पाटी नव्हती, आणि आजच्या दुपारी ती वर असताना घर कसं भरल्यासारखं वाटलं. तेव्हा त्यांच्या स्वतःच्या आडनावाची एक मिळाली तर बरं. गाडीही वेळेवर सुटली.

चौथा तुकडा उरला. चिंगी म्हणाली, आईचाही इथेच लावू. पाटीवाले म्हणाले, नको. तो त्यांनी फडक्यात गुंडाळला आणि काखेत मारून ते घरी आले.

काकू अजून कचेरीतून यायच्या होत्या. पाटीवाल्यांनी स्वतःच्या दारासमोर उभं राहून स्वतःची पाटी नीट बघितली. पाटी करणारे लोक स्वतःची पाटी बघत नाहीत. तीन अक्षरी आडनाव उजवीकडे, आणि डावीकडे सगळी जागा व्यापून एक वेल कोरलेली, पानं, कळ्या, एक उमललेलं फूल. तरुणपणीचा हात. त्यांनी तुकडा काढला आणि वेलीवर धरून बघितला.

बरोबर बसला. केसाचा फरक नाही.

म्हणजे फळीत जागा होती. त्यांनीच ती वेलीला दिली होती.

मग त्यांनी पाटी उतरवली, तिथेच दारात मांडी घालून बसले, पाटी गुडघ्यांवर घेतली आणि पटाशी वेलीच्या बुंध्याशी टेकवली.

"काय करताय?" जिन्यातून आवाज आला. काकू हातात भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"जागा करतोय," पाटीवाले म्हणाले. वर बघायचा धीर त्यांना झाला नाही. "तेव्हाच करायला पाहिजे होती. माझं चुकलं."

काकूंनी पिशवी खाली ठेवली, त्यांच्या हातातून पटाशी अलगद काढून घेतली आणि त्या वाकून तुकड्यावरचं आपलं आडनाव बघत राहिल्या. त्यांनी एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. आडनाव म्हणजे पाकीट घरी पोचण्यापुरतं, असं म्हणणारी बाई ती. पण बोट शेवटच्या अक्षरावर आलं आणि तिथेच राहिलं.

"वेलीला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "नावाला जागा नाही म्हणालात, तेव्हा मी रुसले होते. म्हणून रात्रभर बसून कोरलीत ती. विसरलात?"

पाटीवाले खरंच विसरले होते.

"मग आता कसं करायचं?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही राहू द्या. लांब फळी घ्या."

पाटीवाल्यांनी कानामागची पेन्सिल काढली. पण आजच्या दिवसात एक प्रश्न त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता, की तो आपोआप तोंडातून बाहेर आला. "आधी कुणाचं घालू? मला वाटतं, तुझं आधी."

समोरून "छे, छे, तुमचं आधी" येईल म्हणून ते वाट बघत थांबले.

"हो," काकू म्हणाल्या. "माझंच आधी."

पाटीवाल्यांनी मुकाट्यानं खिशातला टेप काढला. दाराच्या वर मापायला लागले, तर टेप चौकटीच्या टोकाशी पोचला तरी माप संपेना. दोन आडनावं, एक वेल, वर थोडी मोकळी जागा.

"दाराच्या बाहेर जातंय गं," ते म्हणाले. "थेट शेजाऱ्यांपर्यंत."

"जाऊ द्या," काकू म्हणाल्या, आणि टेपचं दुसरं टोक धरायला शेजाऱ्यांच्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.